लल्ला शेदलिया तीनदा वाचते

अहवालावर सही करायला लल्ला शेदलियानं नकार दिला, तेव्हा माझा पारा चढला आणि मी हातातला चहाचा ग्लास टेबलावर आपटला. चहात घातलेले बदाम उडाले आणि रीमच्या कागदांवर पडले.

"आधी बदाम उचला, डॉक्टर," ती म्हणाली. "आजारी पोरीचे कागद आहेत ते."

मी बदाम उचलले. पंधरा वर्षांनी मोठ्या बाईसमोर एवढं तर करावंच लागतं.

आमच्या स्फाक्सच्या प्रयोगशाळेतून दोन सह्यांशिवाय कागद बाहेर पडत नसे. एक वाचणाऱ्याची, एक पडताळणाऱ्याची. वाचणारा मी, अन्वर, प्रयोगशाळेचा प्रमुख, मार्सेयहून डॉक्टरेट घेऊन आलेला. पडताळणारी शेदलिया. तिचं शिक्षण शाळेतच संपलेलं. बाटल्या धुवायला म्हणून लागली आणि चौतीस वर्षांत बाटल्यांपासून जनुकांपर्यंत पोचली. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. तिला लहानथोर सगळेच मानानं 'लल्ला' म्हणायचे. मीही म्हणायचो, पण त्या दिवशी माझ्याकडचा मान जरा कमी पडत होता.

प्रकरण असं होतं. रीम ही करकेना बेटावरची चौदा वर्षांची मुलगी. तिच्या हाडांतली मज्जा रक्त बनवायचं विसरत चालली होती. दर दहा दिवसांनी आई तिला बोटीनं आणायची आणि बाहेरचं रक्त भरून परत न्यायची. आता उपाय एकच उरला होता, दुसऱ्या कुणाची तरी निरोगी मज्जा. आईबाप सख्खी चुलत भावंडं, त्यामुळे असेल, तिन्ही पोरांचं रक्त एकमेकांशी जुळलं. राजधानीतले, ट्यूनिसचे डॉक्टर त्याला नशीब म्हणाले. थोरला वाजदी बावीस वर्षांचा, मासेमार, दारातून आत आला की दार भरून जायचं. धाकटी सिरीन नऊ वर्षांची, नुसती काडी. मज्जा कुणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता.

आमच्याकडून त्यांना एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. हा आजार घराण्यातून आलाय का? बाप चार वर्षांपूर्वी होडीत पाय कापल्याचं निमित्त होऊन गेला होता, रक्त थांबलंच नव्हतं. म्हणून ट्यूनिसच्या डॉक्टरांचा एका जनुकावर संशय होता. त्या जनुकात दोष असेल आणि तो वाजदीतही असेल, तर बहिणीला भावाकडून तोच आजार पुन्हा मिळणार. आणि नवी मज्जा घालण्याआधी जुनी औषधांनी जाळून टाकतात. पोरगी ते एकदा सोसेल, दोनदा नाही.

मी रीमचं जनुक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं होतं. स्वच्छ. 'दोष आढळला नाही' असं लिहिलं. म्हणजे वाजदीनं खुशाल मज्जा द्यावी. ट्यूनिसला पुढच्या रविवारची खाट राखून ठेवलेली होती.

"सुरुवात कुठून धरलीत?" शेदलियानं विचारलं.

"जिथून सुरू होतं तिथून."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नसतं, लल्ला. नुसता रस्ता असतो."

"रस्त्यावर माणसं मरत नाहीत वाटतं?"

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या शरीराच्या लिखाणात अक्षरं चारच. ए, टी, जी आणि सी. पेशी ती तीन-तीन करून वाचते. ए-टी-जी आलं की वाचायला लागायचं, आणि तीन ठरलेले थांबे आहेत, त्यांतला एखादा आला की थांबायचं. या दोन्हींच्या मधला सलग पट्टा म्हणजे उघडी वाचनचौकट. प्रथिन बनतं ते तिच्यातून. चौकट उघडी असेल तर जनुक बोलतं. तिच्या आधी शे-दोनशे अक्षरांचा एक पट्टा असतो. पेशीतलं वाचणारं यंत्र त्या पट्ट्याच्या टोकाला उतरतं आणि ए-टी-जी भेटेपर्यंत सरकत सरकत येतं. त्या पट्ट्यातून काहीच बनत नाही, म्हणून आम्ही त्याला रस्ता म्हणायचो आणि त्याकडे बघायचोही नाही.

शेदलिया बघायची. तिची वाचायची पद्धत यंत्रं येण्याच्या आधीची, काचेच्या पाट्या आणि फिल्मच्या काळातली. कागदावर लाकडी पट्टी ठेवायची आणि मोठ्यानं वाचायचं, तीन-तीन अक्षरं. एकदा पहिल्या अक्षरापासून तीनचे गट, मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून. कारण गट कुठून पाडता यावर सगळा मजकूर बदलतो, आणि पेशी कुठला गट धरेल ते आपल्याला विचारून ठरवत नाही. समोर दुसऱ्या माणसानं बसून खुणा करायच्या. विद्यार्थी तिला पाठीमागे 'पंतोजीण' म्हणायचे, मदरशातल्या पोरांसारखा सूर लागायचा ना. मी त्यांना कधी दटावलं नाही, हे कबूल करायला हवं. मलाही हसू यायचं.

आता माझी चूक सांगतो. आमच्या यंत्राला पहिली पन्नासेक अक्षरं नीट वाचता येत नाहीत, सगळं एकमेकांत मिसळून चिखल होतो. वाचायला कुठून लागायचं ते प्रायमर नावाचा छोटा तुकडा यंत्राला दाखवतो. मी प्रमुख झाल्यावर हुशारी केली. प्रायमर असा बसवला की चिखल नेमका रस्त्यावर पडावा आणि मुख्य चौकट पहिल्या अक्षरापासून स्वच्छ यावी. वेळ वाचला, रसायनं वाचली, माझं कौतुक झालं. अकरा वर्षं आम्ही प्रत्येक घराण्याचा रस्ता चिखलात घालून वर 'दोष नाही' असं लिहीत होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

त्या दिवशी मात्र मला हे काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "लल्ला, हे शिकायला मी सहा वर्षं मार्सेयला घालवली."

"मार्सेयपर्यंत गेलात," ती म्हणाली, "पन्नास अक्षरं मागे जायला काय झालं?"

तेवढ्यात दार उघडलं आणि सुकवलेल्या ऑक्टोपसचा वास आधी आत आला, मग मबरूका, रीमची आई, आणि तिच्यामागे वाजदी. सकाळच्या बोटीनं आले होते, अहवाल न्यायला. मबरूकानं दोरीला लटकवलेले तीन ऑक्टोपस माझ्या टेबलावर ठेवले. "डॉक्टर, कुसकुसमध्ये घाला. आधी भिजवा हं, नाहीतर बायको तुम्हाला बडवेल."

"अहवाल झाला का?" वाजदीनं विचारलं. "मी तीन महिने सिगारेटला शिवलो नाही. रोज कलेजी खातोय. आता गाई-मेंढ्या बघितल्या तरी तोंड फिरवतो."

मी उत्तर देणार एवढ्यात शेदलियानं त्याचं मनगट धरलं. बाही वर सरकवली. दंडावर मुका मार लागल्यासारखे डाग होते, जुने पिवळे आणि नवे निळे.

"हे काय रे?"

"दोर लागतो, लल्ला. कामच तसं आहे."

"नाकातून रक्त येतं?"

"ते आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. उन्हानं."

"सगळ्यांना? सिरीनला?"

वाजदी हसला. "तिला नाही. ती आईवर गेलीय. पडते, आपटते, वर मलाच मारते. एक डाग नाही अंगावर."

शेदलियानं त्याची बाही नीट खाली केली, पोटच्या पोराची करावी तशी. मग माझ्याकडे न बघताच मबरूकाला म्हणाली, "कागद गुरुवारी मिळेल, बाई. आज शिक्का नाही."

शिक्का माझ्या खणात होता, आणि खण उघडा होता. मबरूकानं तो पाहिला. मग तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं. ज्या बाईनं नवरा तसा गमावला असेल तिला माणसांचे चेहरे वाचता येतात. ती उठली आणि वाजदीला घेऊन गेली. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडतो, हा माझा जुना दुर्गुण.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण रस्त्याच्याही मागून वाचणारा प्रायमर मागवायला तीन आठवडे लागतील. खाट रविवारची आहे."

शेदलिया उठली, मोठ्या फ्रीजरच्या तळातून मक्रूध मिठाईचा एक गंजका डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत दोनशे छोट्या नळ्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात नाव आणि साल. माझ्या नियमाच्या आधीचे सगळे प्रायमर. अकरा वर्षांपूर्वी मी ते फेकून द्यायला सांगितले होते.

"मी फेकले," ती म्हणाली. "फ्रीजरमध्ये."

बुधवारी दुपारी यंत्रानं कागद बाहेर टाकले. आम्ही समोरासमोर बसलो. तिनं पट्टी ठेवली, मी पेन्सिल घेतली. माझ्यासमोर निरोगी माणसाचा मजकूर, तिच्यासमोर रीमचा.

पहिलं वाचन झालं. दर तीन अक्षरांना तिचा आवाज किंचित उतरायचा. "जी-जी-सी. सी-ए-जी. सी-जी-टी." मी खुणा करत गेलो. त्या गटांत काही सुरूच होत नव्हतं. दुसरं वाचन झालं, एक अक्षर सरकवून. काही नाही. माझं लक्ष उडायला लागलं होतं, खरं सांगतो.

तिसऱ्या वाचनात ती म्हणाली, "जी-ए-जी. ए..." आणि थांबली.

"ए-सी-जी," मी माझ्या कागदावरून म्हटलं.

"एका प्रतीत ए-सी-जी," ती म्हणाली. "दुसरीत ए-टी-जी. इथं दोन अक्षरं एकावर एक आली आहेत, बघा. आधीच्या गटांत त्याला काही अर्थ नव्हता. एक प्रत आईची, एक बापाची."

मी उठून तिच्या बाजूला गेलो. रंगीत शिखरांच्या त्या ओळीत एका जागी सीच्या निळ्या शिखरावर टीचं लाल शिखर बसलं होतं. ती पुढे वाचत राहिली, आता आवाज अगदी हळू झाला होता. त्या ए-टी-जीपासून बारा गट. बारावा टी-जी-ए, म्हणजे थांबा. एक इवलीशी उघडी चौकट. मुख्य चौकटीच्या अलीकडे, भर रस्त्यात.

मला एका क्षणात सगळं दिसलं. वाचणारं यंत्र रस्त्यावरून सरकत येणार, त्याला हे खोटं ए-टी-जी आधी भेटणार, ते तिथूनच वाचायला लागणार, बारा गटांत थांबा येणार आणि ते गळून पडणार. त्या प्रतीतून खऱ्या चौकटीपर्यंत पोचणारी यंत्रं अगदी थोडी. जनुकाचं प्रत्येक अक्षर शाबूत, तरीही प्रथिन अर्ध्याच्या आसपास. मी ज्या चौकटीला स्वच्छ म्हणालो ती खरंच स्वच्छ होती. तिच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

"लल्ला," मी म्हणालो, "काखेत कळसा होता."

"वळसा मार्सेयचा पडला," ती म्हणाली, पण हसली नाही. "भावंडांचं बघा आता."

दोघांचे नमुने आमच्याकडेच होते. गुरुवारी सकाळी तेही वाचले, तीन-तीनदा. सिरीनच्या दोन्ही प्रतींत ए-सी-जी. वाजदीत तेच लाल शिखर. मी लगेच ट्यूनिसला फोन केला. त्यांना एका अक्षरावर विसंबायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पण वाजदीची मज्जा तपासणीसाठी आधीच काढलेली होती, ती त्यांनी या नजरेनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली. दुपारी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "त्याच्यातही सुरुवात झालेली दिसते," त्या म्हणाल्या. "आम्ही थकवा समजलो होतो."

सांगायचं काम माझं होतं. मबरूका आणि वाजदी समोर बसले. मी चौकट म्हणालो, यंत्र म्हणालो, थांबा म्हणालो. जितकं समजावून सांगायला गेलो तितकं ते लांब जात राहिलं. मबरूका माझ्या तोंडाकडे बघत होती, वाजदी जमिनीकडे.

मग वाजदीच म्हणाला, "म्हणजे शर्फियेच्या भिंतीत मध्येच कुणी दुसरी खोली बांधलीय."

शर्फिया म्हणजे करकेनाच्या उथळ समुद्रात खजुरीच्या फांद्या रोवून केलेली मासे धरायची वाट. मासा लांबच लांब भिंतीच्या कडेकडेनं चालत राहतो आणि शेवटच्या खोलीत अडकतो. त्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं.

"बोल," शेदलिया म्हणाली.

"मासा भिंतीच्या कडेनं येतो. पहिलं दार दिसलं की त्यात शिरतो. त्याला काय माहीत खरी खोली पुढे आहे? भिंत चांगली, खोली चांगली, जाळंही चांगलं. आणि मालक रोज आतली खोली तपासतो, म्हणतो, खोलीला तर काही झालेलं नाही, मग मासे कुठं गेले?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आतली खोली तपासत होतात, डॉक्टर."

"हो," मी म्हणालो. अकरा वर्षं विद्यार्थ्यांना मी हा धडा देतोय, आणि त्या दिवशी तो मला एका मासेमारानं दिला. मला त्याचा राग आला नाही. माझ्या बाबतीत ही नवलाचीच गोष्ट.

"आणि ती मधली खोली माझ्यातही आहे."

"आहे."

"बापाची."

"त्यानं मुद्दाम नाही दिली, पोरा," मबरूका म्हणाली. एवढंच. आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वाजदीचे मोठे हात मांडीवर नुसते पडले होते. "मी रीमला सांगितलं होतं," तो म्हणाला. "माझं रक्त चढलं की तू मासे पकडायला लागशील. तीन महिने ती मला 'माझी मज्जा' म्हणून हाक मारते. आता घरी जाऊन काय सांगू? सिरीन तर कोंबडी कापताना पळून जाते."

स्वतःच्या आजाराबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नव्हतं. मीच सांगितलं, दर तीन महिन्यांनी तपासणी, वेळ आहे, घाबरू नकोस. तो मान हलवत राहिला, शेजाऱ्याचं काही ऐकावं तसा.

शेदलिया त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "ऐक. तुझं रक्त नसतं तर हे अक्षर एकट्या रीमचं म्हणून पडून राहिलं असतं. आजारी अंगात तेच अक्षर, निरोगी अंगात नाही, हे आम्हाला तुमच्या तिघांवरून कळलं. तू रविवारी दिली असतीस तर पोरगी गेली असती. तू न देऊन तिला वाचवलंस. हे सोपं नाही, मला माहीत आहे."

"न देऊन," तो म्हणाला. मग बाहीनं डोळे पुसले. "बरं. पण सिरीनला मीच सांगणार."

सिरीननं काय केलं ते मबरूकानं नंतर सांगितलं. पोरीनं आधी तास-दीड तास पलंगाखाली बसून काढला. मग बाहेर येऊन विचारलं, सुई किती मोठी? वाजदीनं बोटांनी दाखवली, खरी होती तेवढीच. ती म्हणाली, मग रीमनं माझी वेणी आयुष्यभर घालायची. रविवारऐवजी पुढच्या गुरुवारी खाट मिळाली.

तो हिवाळा मी माझ्या नियमाची घाण उपसण्यात घालवला. मक्रूधचा डबा माझ्या टेबलावर आला. जुन्या 'दोष नाही'च्या चोपन्न फाइली आम्ही पुन्हा उघडल्या, आणि शेदलिया रोज दुपारी वाचायची, तीन-तीनदा, आणि खुणा मी करायचो. विद्यार्थी आता हसत नव्हते. दोघंतिघं शेजारी बसून सूर शिकत होते. त्या फाइलींत आणखी दोन घरं सापडली. एवढी वर्षं मी या बाईला पडताळणारी समजत होतो. वाचत तीच होती, सही तेवढी मी करत होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तिच्या शेवटच्या दिवशी, ट्यूनिसहून रीमच्या रक्ताची नळी आली. प्रत्यारोपणाला शंभराहून जास्त दिवस झाले होते. नवी मज्जा धरली असेल तर रीमच्या रक्तात आता सिरीनचं लिखाण असणार. ट्यूनिसनं त्यांच्या पद्धतीनं ते मोजलेलंच होतं. आमच्याकडे नळी पाठवायची गरज नव्हती. ती वाजदीनं मागून घेतली होती.

कागद आले तेव्हा ते चौघंही खोलीत होते. रीमच्या डोक्यावर रुमाल, खाली बोटभर नवे केस. सिरीन तिच्या मांडीवर. मबरूका भिंतीला टेकून उभी. वाजदी दारात.

शेदलियानं पट्टी ठेवली. मी पेन्सिल घेतली. पहिलं वाचन. दुसरं. पोरींना काही कळत नव्हतं, पण गप्प होत्या. तिसरं वाचन लागलं आणि वाजदी दारातून आत आला. ती जागा कितवी ते त्याला पाठ होतं, त्यानं मला दोनदा विचारून घेतलं होतं.

"जी-ए-जी," शेदलिया म्हणाली.

माझी पेन्सिल हवेतच राहिली.

"ए-सी-जी," ती म्हणाली, आणि थांबली नाही. तिचा आवाज तसाच पुढे गेला, दर तीन अक्षरांना किंचित उतरत. ते बारा गट पार झाले, रस्ता संपला, आणि खऱ्या ए-टी-जीपाशी ती पोचली.

मग तिनं पट्टी बाजूला केली आणि सही केली. माझ्या आधी, वाचणाऱ्याच्या जागी. मी खाली पडताळणाऱ्याच्या जागी केली, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही.